सुरक्षेचा खर्च कोणत्या खात्यात मांडावा?

१८ मे २०२५ च्या पहाटे सोलापुरात अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील टॉवेल कारखान्याला आग लागली. मालक, त्यांच्या घरची माणसे व कामगार मिळून ८ जण गेले. मालकाचे कुटुंब कारखान्याच्याच इमारतीत राहत होते.

श्रीरामपुरातही खाली दुकान, वर गोदाम किंवा शिलाई मशिने, मध्ये एकच जिना आणि त्यावर कापडाचे गठ्ठे, हे चित्र नवे नाही.

आता हिशोब पाहू. जुनी वायरिंग बदलणे आणि आग विझवण्याचे सिलिंडर घेणे, हा रोख खर्च. जिना मोकळा ठेवायचा तर जागा जाते. जिथे कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे तिथे मालकाचा हिस्सा पगाराच्या सव्वातीन टक्के, म्हणजे १२,००० रुपये पगारावर ३९० रुपये. त्यातून कामावर जखमी झालेल्या कामगाराला उपचार मिळतात, आणि तो दगावल्यास घरच्यांना निवृत्तिवेतन.

जमेची बाजू मात्र वहीत दिसत नाही. न झालेल्या अपघाताची नोंद कोण करतो? मालाची भरपाई विमा कंपनी देईल. वीस वर्षांचा हात बसलेला कारागीर ती कुठून देणार? आणि सोलापुरात तर मालकही वाचला नाही. व्यापारी बांधवांनी सणासुदीचा माल भरण्याआधी जिना मोकळा करावा.