अर्ध्या 'र'चा ठराव

जुनी मराठी प्रवासवर्णने संगणकावर आणण्याच्या कामात मी काही वर्षांपासून आहे. पाने स्कॅन करायची, मजकूर टंकून घ्यायचा, मुद्रिते वाचायची आणि शेवटी वाचकाला हवा तो शब्द संग्रहात शोधता येईल अशी सोय करायची, असा हा क्रम. सह्याद्रीवरच्या एका पुस्तकात 'दऱ्या' शोधायला दिले की काही पाने सापडतात, काही सापडत नाहीत. न सापडलेले पान उघडावे तर शब्द तिथे ठसठशीत छापलेला असतो. शुद्धलेखन बरोबर, फाँट तोच. दोन्ही पाने शेजारी ठेवून भिंगातून पाहिली तरी फरक दिसत नाही.

फरक खालच्या थरात असतो. संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. युनिकोड या जागतिक तक्त्यात 'र'चा क्रमांक आहे ०९३० आणि हलन्ताचा ०९४डी. (ही सोळा चिन्हांची मोजणी असल्यामुळे अंकांच्या जोडीला अक्षरेही येतात.) 'र', हलन्त, 'य' असे ओळीने टंकले की 'य'वर रफार चढतो आणि 'दर्या' होतो, म्हणजे समुद्र. दरीचे अनेकवचन हवे असेल, तर 'य'च्या आधी ती आडवी, पापणीसारखी रेघ यायला हवी आणि ते संगणकाला वेगळे सांगावे लागते. सांगण्याच्या दोन रीती प्रमाणात नोंदलेल्या आहेत. पहिलीत साध्या 'र'ऐवजी खाली टिंब असलेला 'ऱ' घेतात, क्रमांक ०९३१, त्यापुढे हलन्त आणि 'य'. दुसरीत 'र' नेहमीचाच, पण हलन्तानंतर २००डी क्रमांकाचे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्हींचे रूप एकच दिसते. शोधयंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात, कारण हे दोन क्रम समतुल्य आहेत असे युनिकोडने कुठेही म्हटलेले नाही. आमच्या दोन टंकलेखकांचे कळफलक वेगळे होते, एवढेच कारण.

मराठीला ही रेघ सोडून देता येत नाही. 'आचार्यांना बोलावले' आणि 'आचाऱ्यांना बोलावले' यांत कोण घरी येणार हेच बदलते. सुऱ्या, वाऱ्यावर, पायऱ्या, कादंबऱ्या: 'री' किंवा 'रा'ने संपणाऱ्या असंख्य शब्दांची रूपे तिच्यावर उभी आहेत, आणि 'तऱ्हा'सारखे शब्दही. कोकणीला ती लागते, नेपाळीला लागते, काठमांडू खोऱ्यातल्या नेवारीलाही लागते. हिंदीला लागत नाही.

हे दोन मार्ग कुणी आणि का ठेवले, याचा शोध घेत मी प्रमाणांच्या मूळ कागदांपर्यंत गेले. ते सगळे खुले आहेत. प्रत्येक प्रस्तावाला वर्षाचा आणि अनुक्रमाचा आकडा असतो, प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त असते आणि प्रत्येक निर्णयाला स्वतंत्र नोंदक्रमांक असतो. वाचायला रुक्ष, पण एकदा सवय झाली की कोणी काय मागितले, कोणता पुरावा दिला, कशावर अडले, हे सगळे दिसू लागते.

सुरुवात आपल्याच देशात होते. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे जे काम सुरू झाले, ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. त्याच धाग्यातून 'इस्की' हे भारतीय प्रमाण तयार झाले. त्यामागची कल्पना मोठी होती. देवनागरी, बंगाली, गुजराती, तेलुगू, तमिळ या सगळ्या ब्राह्मीच्या लेकी, तेव्हा सगळ्यांचा तक्ता एकच ठेवायचा आणि प्रत्येक ध्वनीची जागा सर्व लिप्यांत तीच ठेवायची. अशा सामायिक तक्त्यात दक्षिणेकडच्या कठोर 'र'लाही जागा द्यावी लागली. देवनागरीत त्या जागी आला टिंब दिलेला 'ऱ'. मराठीत हे अक्षर पूर्ण रूपात आपण एरवी लिहीत नाही. पण त्याचे अर्धे रूप रिकामेच होते, आणि इस्कीकारांनी ते मराठीच्या पापणीला देऊन टाकले. तमिळ ध्वनीसाठी ठेवलेल्या घराच्या अर्ध्या भागात मराठीची सोय झाली. मला हा निर्णय फार हुशारीचा वाटतो: नवीन क्रमांक न मागता, अदृश्य चिन्ह न वापरता प्रश्न मिटला होता.

तेवढ्यात जगाचा तक्ता होऊ घातला होता. संगणक कंपन्यांच्या पुढाकाराने १९९१च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात युनिकोड कन्सॉर्शियम ही संस्था नोंदली गेली. दुसरीकडे आंतरराष्ट्रीय मानक संघटना, म्हणजे आयएसओ, स्वतःचा वेगळा तक्ता करत होती. जगासाठी दोन तक्ते झाले असते तर मूळ दुखणे तसेच राहिले असते. १९९१मध्येच दोघांनी एकत्र यायचे ठरवले, १९९३ साली आयएसओ/आयईसी १०६४६ हे प्रमाण आले आणि तेव्हापासून दोन्ही तक्ते जुळवून ठेवले जातात. भारतीय लिप्यांसाठी युनिकोडने इस्कीची १९८८ची आवृत्ती आधाराला घेतली. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१मध्ये छापली जात होती, त्याच सुमारास भारतीय मानक ब्यूरोने इस्कीची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. त्यामुळे काही जागा इकडच्या तिकडे राहिल्या. पुढे युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत मराठीची पापणी अदृश्य जोडचिन्हाने लिहायची असा नियम होता. नंतर इस्कीला धरून 'ऱ'चा नियम आला. तोवर जुन्या पद्धतीने मजकूर लिहिला गेलेला होता, म्हणून सुसंगतीसाठी जुना नियमही कायम ठेवला. ही दुहेरी वाट तिथून आली.

जुना नियम रद्द का केला नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर तिबेटी आणि कोरियन लिप्यांच्या इतिहासात आहे. तिबेटी लिपी पहिल्या आवृत्तीत होती, मग काढली, मग १९९६च्या दुसऱ्या आवृत्तीत वेगळ्या जागी पुन्हा आणली. त्याच आवृत्तीत कोरियन अक्षरांचा भलामोठा संच उचलून दुसरीकडे नेला. ज्यांनी आधीच्या क्रमांकांनी मजकूर साठवला होता, त्यांचा मजकूर निरर्थक झाला. त्यानंतर नियम झाला की एकदा दिलेला क्रमांक काढायचा नाही, हलवायचा नाही, अक्षराचे इंग्रजी नावही बदलायचे नाही. एका चिनी-जपानी कंसाच्या अधिकृत नावात 'ब्रॅकेट' शब्दाचे स्पेलिंग चुकलेले आहे. ते तसेच राहणार आहे. हा हट्ट वरवर विचित्र वाटेल, पण मी त्याच्या बाजूने आहे. ज्यांनी आपल्याकडचा फाँटांचा काळ पाहिला आहे, त्यांना तो पटेल. तेव्हा प्रत्येक मराठी फाँटची क्रमांकांची मांडणी स्वतःची असे आणि फाँट बदलला की लेखाचे रूपांतर खुणांच्या ढिगात होई. त्या काळातल्या कितीतरी मराठी फायली आजही उघडता येत नाहीत.

मोडी लिपीचा प्रस्ताव मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, तेव्हा लिपीला तक्त्यात जागा मिळवून देण्याच्या कामाची खरी जात कळली. तो अंशुमन पांडे यांनी केला. ते तेव्हा अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात इतिहासाचे संशोधक होते, आणि बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लिपी-संहितीकरणाच्या प्रकल्पाशी जोडलेले होते. अशा प्रस्तावासोबत एक छापील अर्ज असतो. त्यातले प्रश्न साधे, पण चुकवता न येणारे असतात. ही अक्षरे वापरणाऱ्या समाजाशी संपर्क केला आहे का? आज ती वापरात आहेत का? आधीच्या एखाद्या अक्षराशी हे अक्षर दिसायला सारखे आहे का, आणि असेल तर वेगळा क्रमांक कशासाठी? उत्तरात नुसता दावा करून चालत नाही, पान दाखवावे लागते. म्हणून मोडीच्या प्रस्तावात जुनी कागदपत्रे, मोडी शिकवणारी पुस्तके, छापील नमुने यांची चित्रे आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार बहुधा वेगळे लिहीत नाहीत, मग दोन क्रमांक घ्यावेत की एक? 'हुवा' नावाचे चिन्ह आणि संक्षेपाचे चिन्ह यांना स्वतंत्र जागा हवी का? अशा एकेका प्रश्नावर परिच्छेद खर्ची पडले आहेत. लेखनिकाचा हात वळला म्हणून अक्षर वेगळे दिसते आहे की ते खरोखर वेगळे अक्षर आहे, हा निवाडा या कामाचा गाभा आहे, आणि तो यंत्राला करता येत नाही.

प्रस्ताव आधी लिपितज्ज्ञांच्या लहान गटापुढे जातो. ते शंका काढतात, प्रस्तावक दुरुस्ती करून पुन्हा पाठवतो. मग युनिकोडची तांत्रिक समिती, जी वर्षातून चार वेळा भरते. तिथे मताचा अधिकार मुख्यतः मोठ्या संगणक कंपन्यांना आणि सदस्य झालेल्या काही सरकारांना व संस्थांना आहे. त्यानंतर आयएसओकडे. तिथे कंपन्यांना मत नाही, देशांना आहे. प्रत्येक देशाच्या मानक संस्थेला एक मत, आणि भारताच्या वतीने ते भारतीय मानक ब्यूरो देते. आयएसओतल्या या उपसमितीचे सचिवालय जपान सांभाळतो. दोन्हीकडून होकार आला तरच अक्षर तक्त्यात बसते. मोडीचा प्रस्ताव २०११चा. जून २०१४मध्ये आलेल्या युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीची ७९ चिन्हे दाखल झाली, ११६०० या क्रमांकापासून पुढे. शतकानुशतके मराठी मुलखाचे दप्तर ज्या लिपीत ठेवले गेले, तिला जगाच्या तक्त्यात जागा मिळाली. या वाटेवर कुठे घोषणा नव्हत्या, सत्कार नव्हते. पुरावे होते आणि चिकाटी होती.

मागणारा कोण आहे यावर वेग किती बदलतो, तेही या कागदांत दिसते. रुपयाचे नवे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी मंजूर केले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत होते. याउलट, आपला 'ॲ'. ॲप, ॲम्ब्युलन्स, ॲसिड हे शब्द मराठी माणूस 'अ'वर चंद्र देऊन लिहितो. तक्त्यात पहिल्यापासून होता तो 'ए'वर चंद्र दिलेला 'ऍ'. मराठी पद्धतीच्या अक्षराला ०९७२ हा क्रमांक मिळायला २००८ची ५.१ आवृत्ती यावी लागली. मधली सतरा वर्षे लोकांनी 'अ' टंकून त्यावर चंद्र ठेवला. दिसायला ते अगदी तसेच. पण प्रमाणाने आता ती जोडणी वापरू नका असे सांगितले आहे, आणि दोन्ही रूपे एकमेकांना समतुल्य नाहीत. आमच्या संग्रहात 'ऱ्य'नंतर सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो या अक्षराने.

क्रमांक मिळाल्यावरही काम उरते. तक्त्यात 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे आहे, पण आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो आणि मागोमाग क्ष, ज्ञ. अनुक्रम कसा लावायचा, तारीख कशी लिहायची, महिन्याचा संक्षेप काय, हे प्रत्येक भाषेसाठी वेगळे नोंदवलेले असते. त्या सामायिक साठ्याला 'सीएलडीआर' म्हणतात आणि जगातले बहुतेक फोन व संगणक तिथून माहिती उचलतात. 'ऑक्टो', 'नोव्हें', 'डिसें' हे संक्षेप फोनवर दिसतात ते तिथलेच. मराठीसाठी आपोआप देवनागरी अंक येतात आणि हिंदीसाठी इंग्रजी, हा फरकही तिथेच ठरलेला आहे. या साठ्यात प्रत्येक नोंदीवर मते घेतली जातात. मी पाहुणी म्हणून नोंदणी करून आत गेले. एका रकान्यात चालू रूप, शेजारी इतरांनी सुचवलेली रूपे, कुणी कशाला मत दिले आणि खाली चर्चा. पाहुण्याच्या मताचे वजन सर्वांत कमी. तरी चर्चेत कारण लिहिता येते, आणि नीट लिहिलेले कारण वजनदार मते असलेले लोक वाचतात. मराठीच्या किती रकान्यांत चर्चाच नव्हती, हे पाहून मात्र मला वाईट वाटले. कोट्यवधी लोकांच्या फोनवर उमटणारी रूपे मोजक्या माणसांच्या मतांवर ठरत आहेत, आणि ज्यांनी आयुष्यभर मराठी शिकवली, छापली, तपासली, ते तिथे नाहीत.

पापणीच्या 'र'चा प्रश्न इंटरनेटच्या पत्त्यांपर्यंत जाऊन पोचला आहे. पत्त्याच्या शेवटच्या भागात देवनागरीतली कोणती अक्षरे चालतील, हे भारतीय उपखंडातल्या तज्ज्ञांच्या एका गटाने ठरवले. नऊ लिप्या त्यांच्याकडे होत्या. तिथे अदृश्य जोडचिन्हाला मज्जाव आहे, कारण न दिसणाऱ्या चिन्हाने फसवे पत्ते बनवता येतात. तेव्हा तिथे पापणी लिहायची तर 'ऱ' हाच मार्ग. आम्हीही संग्रहात तोच ठरवला: जिथे जिथे अदृश्य जोडचिन्ह सापडले, तिथे ०९३१ घातला, 'अ' आणि चंद्राच्या जागी ०९७२ घातला, आणि मग शोध सगळी पाने देऊ लागला.

मराठी प्रकाशकांनी, वृत्तपत्रांनी आणि संकेतस्थळे चालवणाऱ्यांनी आपल्या जुन्या मजकुरावर एकदा एवढे करून घ्यावे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'र'च्याच कळीवर शिफ्ट दाबले की 'ऱ' मिळतो, पुढे हलन्त आणि 'य' किंवा 'ह'. आणि विद्यापीठांच्या मराठी विभागांना, कोशमंडळांना, साहित्य संस्थांना माझी विनंती आहे की प्रत्येकाने एक माणूस या कामाला लावावा. प्रस्ताव खुले असतात, हरकती कुणालाही पाठवता येतात. छापील पानाचा पुरावा आपल्या कपाटांत पडून आहे. तो तिथे पाठवायला हवा.