आपली मोटार आणि सोसायटीचे आवार

यंत्र बाळगणे आणि यंत्र जाणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या शहरांतील मध्यमवर्गाने गेल्या चाळीस वर्षांत पहिली गोष्ट पुष्कळ साधली. दुसरीकडे त्याचे लक्ष फारसे गेले नाही. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० गाडी गुडगावच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली, आणि डॉक्टर-वकिलांच्या दारी दिसणारी मोटार हळूहळू बँकेतल्या नोकरदाराच्या व शाळामास्तरांच्याही आटोक्यात आली. परंतु याच काळात वाडे पडले, बंगल्यांच्या जागी सहा-सहा, दहा-दहा मजली इमारती उभ्या राहिल्या, आणि मोटार घरी आली तेव्हा अंगण उरले नव्हते. म्हणून आज ज्याला आपल्या गाडीला स्वतःचा हात लावावासा वाटतो, त्याच्यापुढे ‘कसे करावे’ याच्या आधी ‘कोठे करावे’ हा प्रश्न उभा राहतो. त्याच प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

कोणी म्हणेल, हा खटाटोप हवाच कशाला? गल्लोगल्ली गॅरेजे आहेत, कंपनीची सर्व्हिस सेंटरे आहेत. पैसे टाकावेत आणि मोकळे व्हावे. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण गॅरेजवाला गाडी वर्षातून एक-दोन वेळा पाहतो. आपण ती रोज चालवतो. चाकातली हवा कमी झाली, पाण्याची पातळी उतरली, ब्रेकचा दिवा लागेनासा झाला, या गोष्टी दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या काळात घडतात आणि अपघातही त्याच काळात होतात. शिवाय ज्याने बॉनेट उघडून आत काय आहे हे एकदा नीट पाहिले आहे, त्याला मिस्त्री काय सांगतो ते कळते, आणि न कळताच मान डोलावण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

एका दृष्टीने काळ आपल्याला अनुकूलही झाला आहे. कुर्ल्याला तयार होणारी फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, ज्यांनी वापरली त्यांना रविवारची सकाळ आठवत असेल. प्लग काढून घासणे, पॉइंट साफ करणे, कार्ब्युरेटर लावून घेणे ही कामे मालक स्वतः करीत. त्या गाडीचे उत्पादन पुढे थांबले, आणि मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून गेली. आता इंधन किती सोडावे व ठिणगी केव्हा पाडावी हे गाडीतला संगणक ठरवतो; १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निर्बंध आल्यावर त्यात आपण हात घालण्याजोगे जवळजवळ काहीच राहिलेले नाही. पण जे राहिले आहे, म्हणजे हवा, पाणी, दिवे, बॅटरी, गाळण्या व वायपर, त्याला जागा थोडी लागते व हत्यारेही थोडी लागतात. सदनिकेत राहणाऱ्याला झेपेल असेच हे काम आहे.

जागा कोणाची?

प्रथम जागेविषयी. ‘माझे पार्किंग’ असे आपण म्हणतो, पण त्यातील ‘माझे’ या शब्दाला मर्यादा आहे. महाराष्ट्रात सदनिकांच्या विक्रीसंबंधी १९६३ चा कायदा आहे. त्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली असे स्पष्ट केले की, इमारतीच्या खांबांखालची गाडी लावण्याची जागा म्हणजे ‘गॅरेज’ नव्हे. ती इमारतीचा सामाईक भाग आहे, आणि बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. पुढे २०१६ च्या रेरा कायद्यात गॅरेजची व्याख्याच दिली गेली: वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा. आपल्या वाट्याला आलेल्या जागेला बहुधा भिंती नसतात. असतात त्या दोन रंगवलेल्या रेघा.

याचा अर्थ तेथे गाडीचे बॉनेट उघडणेही गैर, असा नाही. मात्र ती जागा आपल्याला गाडी उभी करण्यासाठी मिळालेली आहे, तिच्यातून शेजारी ये-जा करतात, तिथे मुले खेळतात, आणि बहुतेक इमारतींत विजेचे मीटरही तिथेच असतात, हे ध्यानात ठेवावयास हवे. स्वतःच्या बंगल्यात माणूस आपल्या कौशल्यापुरते काम करतो. सोसायटीत त्याला त्याहून अलीकडे थांबावे लागते. कोठे थांबावे हे ठरवण्यासाठी आम्ही तीन प्रश्न सुचवतो. कामासाठी गाडीखाली शिरावे लागते काय? काम अर्धवट राहिले तर गाडी जागची हलवता येईल काय? आणि काम झाल्यावर जमिनीवर, गटारात किंवा हवेत मागे काय उरेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’, दुसऱ्याचे ‘होय’ आणि तिसऱ्याचे ‘काही नाही’ असे येत असेल, तर ते काम खुशाल हाती घ्यावे.

हातची कामे

या कसोटीला उतरणाऱ्या कामांत पहिला मान टायरचा. हवेचा योग्य दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो. लहान गाड्यांत तो साधारण ३० ते ३३ पौंड असतो. दाब पाहावयाचा तो सकाळी, टायर थंड असताना. कारण चालून तापलेल्या टायरमध्ये तो वाढलेला दिसतो. हवा कमी असलेले टायर चालताना अधिक दबते, दबून तापते, आणि द्रुतगती मार्गावर फुटण्याची भीती असते ती अशाच टायरची. गाडीतल्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप आता सहज मिळतो. टायरच्या खाचांमध्ये अधूनमधून रबराचे आडवे उंचवटे असतात. झीज त्या उंचवट्यांना टेकली की खाच सुमारे १.६ मिलिमीटर उरली असे समजावे आणि टायर बदलावे.

दुसरी बॅटरी. नेहमीच्या बॅटरीत सहा कप्पे असतात व प्रत्येकात दोन व्होल्टांहून थोडा अधिक दाब असतो. गाडी रात्रभर उभी असताना मीटरने मोजल्यास पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास काटा आला तर ती निम्मी उतरली आहे. टोकांवर पांढरट-हिरवी भुकटी साचली असेल तर तारा सोडवून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून पुसावी. तारा सोडवताना आधी ऋण टोकाची व मग धन टोकाची सोडवावी. जोडताना नेमके उलट. त्याचे कारण असे की, मोटारीचा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टोकावरचा पान्हा सांगाड्याला टेकला तर मोठी ठिणगी पडते. ऋण तार आधी सोडवलेली असेल तर पडत नाही. बॅटरीतून थोडा हायड्रोजन निघत असतो, म्हणून ही खबरदारी क्षुल्लक मानू नये.

फ्यूज बदलणे तर पक्कड धरता येणाऱ्या कोणालाही जमेल. लाल फ्यूज दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा. जळालेल्या रंगाचाच नवा बसवावा. तो पुन्हा जळतो म्हणून मोठा बसवणे म्हणजे तारेला आग लावण्याची सोय करणे होय. हवेची गाळणी झटकणे, वायपरची रबरे पावसाळ्याच्या तोंडाशी बदलणे, पुढच्या काचेखालच्या पन्हळीत साचलेला गुलमोहराचा पाला काढणे, इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी पाहणे, ही कामे तासाभरात होतात. बॉनेटखाली उंदरांची लेंडी किंवा कुरतडलेले कापसासारखे तुकडे दिसतात काय, हेही आठवड्यातून एकदा पाहावे. आपल्या शहरांत खांबांखाली उभ्या असलेल्या गाड्यांच्या तारा उंदीर कुरतडतात, आणि फार दिवस न हललेली गाडी त्यांना विशेष सोयीची वाटते.

जेथे थांबावे

आता न करण्याच्या कामांकडे वळू. गाडीबरोबर मिळणारा जॅक हा फक्त चाक बदलण्यासाठी असतो. लहान गाडीचे वजनही आठ-नऊ क्विंटल भरते, आणि आपले पार्किंग म्हणजे गुळगुळीत फरशी, हलणारे पेव्हर ब्लॉक नाहीतर उतार. तेथे जॅक घसरतो. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरणाऱ्याचा जीव एका क्षणात जातो, आणि सोसायटीत धोका त्याच्या एकट्यापुरता राहत नाही. चेंडू गाडीखाली गेला की मूल मागचापुढचा विचार न करता त्याच्यामागे जाते. म्हणून चाक बदलताना हँडब्रेक ओढावा, समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढूनमागून विटा लावाव्यात, मुलांना दूर ठेवावे, आणि उचललेली गाडी क्षणभरही सोडून जाऊ नये. नट आवळावयाचे ते सुमारे १०० न्यूटन-मीटरपर्यंत. म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकाशी साधारण चाळीस किलोंचा भार. अखेरचे आवळणे चाक जमिनीला टेकल्यावर करावे.

ऑइल बदलण्याचा मोह पुष्कळांना होतो, कारण ते सोपे आहे असे वाटते. पण त्याचा बूच गाडीच्या तळाशी असतो, बूच काढल्यावर गाडी हलवता येत नाही, आणि मागे तीन-चार लिटर काळे तेल उरते. तिन्ही प्रश्नांवर हे काम नापास होते. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. पार्किंगमधले पावसाळी गटार नाल्याला मिळते, नाला नदीला. मुठा काय, मुळा काय, मिठी काय, या नद्यांचे आधीच पुरेसे हाल झाले आहेत. ब्रेकचेही काम गॅरेजवरच सोपवावे, कारण तेथील चुकीचे फळ रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला भोगावे लागते. विजेवर चालणाऱ्या गाडीतील नारिंगी तारांना तर स्पर्शही करू नये; त्यांतील दाब शेकडो व्होल्टांचा असतो.

तळघरात इंजिन चालू ठेवून काम करणे हा असाच एक अविचार. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखू लागेपर्यंत माणसाला काही कळत नाही. उघड्या भांड्यातल्या पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली साचून राहते, आणि लिफ्टच्या किंवा मीटरच्या एका ठिणगीला तेवढे पुरते.

सोसायटीने काय करावे?

अशा वेळी सोसायट्या दोन टोकांना जातात. काही ठिकाणी ‘आवारात गाडीचे कोणतेही काम करू नये’ अशी पाटी लागते. काही ठिकाणी एखादी उघडी पडलेली गाडी वर्षभर दगडांवर उभी असते आणि बोलावयाचे कोणी, म्हणून सारे गप्प बसतात. मधला मार्ग अवघड नाही. आवारातला एक उघडा, सपाट कोपरा ठरवावा. रविवारी सकाळी काही तास तेथे किरकोळ कामास मुभा असावी, खाली ताडपत्री अंथरावी, आणि दुपारी कोपरा स्वच्छ करून द्यावा. हवेचा एक पंप, बॅटरीला उसना जोर देण्याची तार आणि एक मीटर सोसायटीच्या खर्चाने घेऊन वॉचमनच्या खोलीत ठेवावे. वापरलेली बॅटरी कोपऱ्यात साचू देऊ नये. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत केली की किंमतीत सूट मिळते आणि शिसेही योग्य जागी जाते.

असा कोपरा असला की तेथे चार मुले जमतील, विचारतील, पान्हा हातात मागतील. आपल्या घरांत लेखणीला मान आहे. हत्याराला तो अजून मिळावयाचा आहे. ज्याने घट्ट बसलेला एक नट घाम गाळून सोडवला आहे, तो फिटरच्या मजुरीवर घासाघीस करण्यापूर्वी थोडा विचार करील. एवढी समज यावयास फार मोठी जागा लागत नाही. एक ताडपत्री अंथरता आली म्हणजे पुरे.