तापलेला सांधा दाखवणारा मीटर

कराडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठचा ऊस विजेच्या पंपांवर पोसला जातो. स्टार्टरमधला एखादा स्क्रू सैल झाला, की एक फेज तुटून मोटार जळते. कधी पेटीच पेट घेते. गंमत अशी, की साध्या मीटरवर दाब ठीकच दिसतो. समजा, सैल सांध्याचा रोध ०.१ ओहम आणि प्रवाह १० अँपिअर. दाब घटतो जेमतेम १ व्होल्टने. चारशेत एक, कोणाच्या लक्षात येणार? पण त्या चिमुकल्या जागेत १० वॉट उष्णता सतत निर्माण होत असते. प्रवाह दुप्पट झाला, की ती चौपट!

हल्ली हातातल्या मल्टिमीटरमध्येच उष्णता टिपणारा कॅमेरा बसवलेला मिळतो. विल्यम हर्शेलने १८०० साली शोधलेले अवरक्त किरण तो रंगांत दाखवतो. तीन जोडांपैकी एकच उजळ दिसला, तर तिथे पाणी मुरते आहे असे समजावे. मात्र पंप चालू हवा. झाकणाआडचे दिसत नाही, आणि चकचकीत तांबे आहे त्याहून थंड भासते. म्हणून हे काम जाणत्या वायरमनचेच.

चित्रात थंड दिसणाऱ्या तारेतही वीज असू शकते. सांधा आवळण्यापूर्वी मेन स्विच बंद करून त्याच मीटरच्या दोन टोकांनी खात्री करून घ्यावी.