डिकीचा ढोल

जून उजाडला की आपल्या भागातल्या गाड्यांच्या डिक्या भरू लागतात. लातूरला शिकायला ठेवलेल्या मुलांसाठी ज्वारीच्या पिठाचा डबा, तुरीची डाळ, लोणच्याची बरणी, गादी. भरलेली डिकी फारशी वाजत नाही. रिकामी गाडी अहमदपूर-लोह्यावरून नांदेडकडे परत निघाली, की मात्र असा घुमारा उठतो की मागे बसलेल्या आजीला पुढचे बोलणे ऐकू येत नाही. लहान गाड्यांत हा त्रास अधिक. तिथे डिकी आणि बैठक यांच्यामध्ये भिंत नसते आणि मागची चाके डिकीच्या पत्र्याला लागूनच फिरतात.

पितळी ताटावर चमचा मारला तर ते घणघणते, बोट टेकवले की गप्प होते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात, तिच्या वजनाने आवाज खोल होतो. डिकीचे तंत्र याच जातीचे आहे. वरून ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा असलेली ब्युटाइल रबराची चिकट पट्टी पत्र्याला वजन देते आणि त्याचा कंप स्वतःत जिरवते. म्हणून सगळी डिकी मढवण्याची गरज नाही. बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. जिथे 'टण्ण' वाजते तिथे मधोमध तुकडा लावावा. तिसरा हिस्सा पत्रा झाकला तरी बराच फरक पडतो. चाकांवरचे उंचवटे आणि स्टेपनीचा खड्डा यांना पहिला मान.

पण पट्टी आणण्याआधी डिकी रिकामी करा. निम्मा आवाज पुष्कळदा सैल जॅक, पाना, नंबरपाटी किंवा झाकणाच्या ढिल्या कुलपाचा निघतो, आणि तो फुकटात बंद होतो.

पत्रा साबणाच्या पाण्याने पुसून पुरता वाळू द्यावा. पेट्रोलने पुसण्याची काहींना सवय असते, ती सोडावी. डिकीत साठलेली वाफ एका ठिणगीने पेटते. पट्टी थोडी उन्हात धरली की मऊ होते. मग छोट्या रुळाने ती दाबून बसवावी, खाली हवा राहू देऊ नये. पापुद्र्याची कड पात्यासारखी कापते, तेव्हा हातमोजे घालावेत. पाणी जाण्याची भोके, वायरी आणि दिव्यांचे स्क्रू झाकू नयेत. गॅसची टाकी असेल तर तिच्या नळ्या व हवेच्या वाटा मोकळ्याच ठेवाव्यात.

छपराची डांबरी पट्टी स्वस्त म्हणून कोणी सुचवील. आपल्या उन्हाळ्यात बंद गाडी तापली की डांबर मऊ पडते, वास सोडते. जुनी गोधडी अंथरणारेही आहेत. पण ती ओल धरते आणि खालून पत्रा गंजतो.

एक आवाज मात्र दाबू नये, तो म्हणजे नव्याने सुरू झालेला. मागून खडखड किंवा फुरफुर येऊ लागली तर आधी मिस्त्रीकडे जावे. धुराची नळी फुटली असेल, तर विषारी धूर डिकीच्या फटीतून आत येतो. त्याच्या वायूला वास नसतो, आणि मागे झोपलेल्या लेकराला तो आधी बाधू शकतो. झाकणाचे रबर चिरले असेल तर तेही त्याच खेपेला बदलून घ्यावे.

पहिला मोठा पाऊस झाला की स्टेपनी उचलून खाली हात फिरवून पाहावा. ओल लागली, तर पाणी कुठून येते ते आधी शोधावे.