गजानन जागीरदार : चरित्रनट आणि दिग्दर्शक

गजानन जागीरदार यांचा जन्म २ एप्रिल १९०७ रोजी अमरावतीत झाला. मूकपट मागे पडून बोलपट रुजत होता, त्या काळात ते चित्रपटात आले. १९३४ च्या ‘सिंहासन’पासून ते दिग्दर्शनही करू लागले. नट आणि दिग्दर्शक ही दोन्ही कामे त्यांच्या कारकिर्दीत पुढे शेजारी शेजारी चालत राहिली.

१९४१ साल त्यांच्यासाठी निर्णायक ठरले. व्ही. शांताराम यांच्या ‘शेजारी’त केशवराव दाते हिंदू पाटील झाले, तर जागीरदार त्यांचा मुसलमान मित्र मिर्झा. गावाजवळच्या धरणावरून पेटवलेल्या वैरात या दोन म्हाताऱ्यांच्या मैत्रीची कसोटी लागते. तेव्हा जागीरदार अवघे चौतीस वर्षांचे होते. ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीतही मिर्झा तेच होते आणि समोरचा हिंदू ठाकूर मजहर खान यांनी रंगवला. हिंदू नटाने मुसलमान आणि मुसलमान नटाने हिंदू साकारण्याची ही योजना चित्रपटाच्या आशयाशी पूर्ण जुळणारी होती. त्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’चे दिग्दर्शन जागीरदारांनी केले. पुढच्या वर्षी ‘वसंतसेना’ आला.

शांताराम ‘प्रभात फिल्म कंपनी’तून बाहेर पडल्यावर ‘प्रभात’ने शिवराम वाशीकरांच्या कथेवर ‘रामशास्त्री’ (१९४४) हाती घेतला. राजा नेने आणि विश्राम बेडेकर यांच्यानंतर दिग्दर्शनाची सूत्रे जागीरदारांकडे आली आणि पेशवाईतील न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांची भूमिकाही त्यांनीच केली. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या प्रकरणी खुद्द त्यांचे काका राघोबादादा यांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश हा या चित्रपटाचा कणा आहे. ललिता पवारांनी रंगवलेल्या आनंदीबाईमागे, राघोबांच्या पत्नीमागे, सत्तेची धग आहे. रामशास्त्र्यांपाशी मात्र शब्दाखेरीज कोणतेही शस्त्र नाही. म्हणून सारा भार आवाजावर, ठाम नजरेवर आणि उच्चारांच्या वजनावर पडतो. तो पेलताना जागीरदारांनी आक्रस्ताळेपणाला जागाच ठेवली नाही. मराठी ऐतिहासिक चित्रपटात तलवारीऐवजी न्यायबुद्धीला नायकपद देणारी ही कामगिरी थोर आहे.

‘बैराम खान’ (१९४६) मध्येही अभिनय व दिग्दर्शन त्यांचेच होते. जयश्री गडकर यांची भूमिका असलेला ‘वैजयंता’ (१९६१) हा दिग्दर्शक जागीरदारांच्या उत्तरकाळातील महत्त्वाचा मराठी चित्रपट.

१९६० मध्ये पुण्यात ‘प्रभात’च्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या प्राचार्यपदी जागीरदार आले. अभिनय व दिग्दर्शन ज्या वास्तूत पारखले गेले, तिथेच नव्या पिढीला घडवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. अनुभवाने मिळालेली कला पद्धतशीर शिकवता येते, या विश्वासाला त्यांच्या नेमणुकीने बळ दिले.

हिंदीत ‘हम दोनो’ (१९६१) मधील भूमिका, ‘गाइड’ (१९६५) मधील गावकरी भोला आणि ‘उमराव जान’ (१९८१) मधील मौलवी ही कामे त्यांच्या आवाक्याची साक्ष देतात. १३ ऑगस्ट १९८८ रोजी त्यांचे निधन झाले. दुय्यम मानल्या जाणाऱ्या भूमिकेलाही संपूर्ण माणसाचे वजन देणे, हे त्यांच्याकडून मराठी अभिनयाला मिळालेले सर्वांत मोठे देणे होय.