पाठचे येईपर्यंत

मीरा रोडच्या पूर्वेस, जेथे माझे गेली पुष्कळ वर्षे वास्तव्य आहे, तेथील इमारतींच्या मधल्या अंगणात रविवारी सकाळी दहाच्या सुमारास घसरगुंडीजवळच्या सिमेंटच्या बाकावर चार-पाच आया, दोन-तीन आज्या आणि फाटकातून आत येऊन क्षणभर टेकलेली उत्तनची कोळीण अशी एक लहानशी सभा भरत असते. तिला अध्यक्ष नसतो. निकाल मात्र ती भराभर देते. मागे एका रविवारी अडीच वर्षांचा एक मुलगा घसरगुंडी अर्धवट टाकून धावत आला, आईच्या ओढणीला लोंबकळला आणि ‘दुदू’ म्हणाला. त्या आईने आधी मुलाकडे पाहिले नाही. तिने आधी बाकावरच्या सर्वांकडे पाहिले, आणि मग ती ‘घरी जाऊन हं’ असे हलक्या आवाजात पुटपुटली. तेवढ्यात एका आजीबाईंनी विचारलेच, ‘अगं, अजून पाजतेस? जूनमध्ये नर्सरीत जाईल ना हा?’ यावर पाटीतले बोंबील मोजता मोजता ती कोळीण म्हणाली, ‘आमच्यात पाठचं येईपर्यंत पितात पोरं. ह्याच्या पाठचं कुठं आलंय?’

सभा हसली. मला मात्र वाटले की, मोठ्या मुलास अंगावर पाजण्याविषयी जो सारा वाद हल्ली ऐकू येतो, त्याची किल्ली या एका वाक्यात आहे.

मुलाने किती दिवस अंगावर प्यावे, हा प्रश्न आपल्याकडील पूर्वीच्या कुटुंबात कोणी फारसा विचारीत नसे, कारण त्याचे उत्तर देण्याचा अधिकार आईकडेही नव्हता आणि सासूकडेही नव्हता. तो पाठच्या भावंडाकडे होता. पुढचे दिवस राहिले की थोरल्या मुलाचे दूध तोडावयाचे, ही वहिवाट. ‘तोडणे’ हे क्रियापद आपण उगाच योजिलेले नाही. आणि ज्याच्या पाठीवर कोणीच आले नाही, ते शेंडेफळ आपले सुखेनैव पीत राही. माझे धाकटे मामा शाळेच्या मधल्या सुट्टीत धावत घरी येऊन, चुलीपुढे बसलेल्या आजीच्या पदराखाली शिरत व तोंड पुसून पुन्हा पाढे म्हणावयास जात, ही हकीकत आमच्या घरी त्यांच्या देखत सांगितली जाई, आणि ती ऐकताना तेही हसत. पुढे ते तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून झाले, आणि हिशेबाला फार कडक म्हणून त्यांची ख्याती होती. लांबलेल्या स्तनपानाने मुलगा दुबळा किंवा आईवेडा होतो, असे मला कोणी सांगू लागले की त्यांची मूर्ती माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते.

ज्याच्या पाठचे असे अवचित येई, त्या मुलाचे काय होई, याची नोंद मात्र आपल्या वैद्यकाने फार पूर्वी केली आहे. माधवनिदानात ‘पारिगर्भिक’ नावाचा एक बालरोग वर्णिलेला आहे: आई पुन्हा गर्भवती झाली असता तिचे दूध पिणाऱ्या मुलास खोकला, अग्निमांद्य, वांती व ग्लानी होते, ते रोडावते आणि त्याचे पोट मात्र वाढते. या रोगाचे दुसरे नाव ‘परिभव’, म्हणजे पराभव किंवा अवमान. रोगाला असे नाव देणाऱ्याने मुलाच्या जिभेबरोबर त्याच्या मनाचीही परीक्षा केली असली पाहिजे. यानंतर कित्येक शतकांनी, आज ज्यास घाना म्हणतात त्या गोल्ड कोस्ट वसाहतीत काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांना, आईचे दूध सुटून नुसत्या मक्याच्या पेजेवर आलेली सुजलेली बालके दिसली, आणि १९३५ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी या व्याधीस तेथील गा भाषेतलेच नाव वापरले: क्वाशिओरकोर. त्याचा अर्थ, पाठचे भावंड आल्यामुळे बडतर्फ झालेल्या मुलाचा रोग! दोन खंडांतील लोक, परस्परांची खबरही नसता, एकाच दुःखाला जवळजवळ एकच नाव देतात, हे पाहून मन थक्क होते. गर्भवतीचे दूध बाधते हा जुना समज आजचे वैद्यक सामान्यतः मानीत नाही. मूल खंगते ते दुधाच्या जागी पुरेसे व सकस अन्न न आल्यामुळे, असे ते सांगते.

आता कोळिणीच्या प्रश्नाकडे वळू. ह्याच्या पाठचे कुठे आले आहे? ते येणारच नाही, हे त्याचे प्रामाणिक उत्तर होय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील दर स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण १.७ इतके आढळले, म्हणजे पुष्कळ घरांत पहिले मूल हेच शेवटचे मूल आहे; जन्मतःच ते शेंडेफळ आहे. ज्या गावांच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर हे शहर उभे राहिले, त्या भाईंदर, मीरा, नवघर, खारी, काशी व घोडबंदर या ग्रामपंचायती १९८५ साली एकत्र होऊन येथे नगरपरिषद झाली, २००२ साली तिची महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत वस्ती आठ लाखांवर गेली. या आठ लाखांतील पुष्कळ कुटुंबे दोन खोल्यांच्या घरात एक-दोन मुलांसह राहणारी. तेथे दूध तोडण्यासाठी बाहेरून कोणी येत नाही, आणि म्हणून ‘पुरे’ कधी म्हणावयाचे, हा निर्णय आपल्या समाजात बहुधा प्रथमच एकट्या आईच्या पदरात पडला आहे. निसर्गाचा हुकूम होता तोवर कोणी हरकत घेत नव्हते; निर्णय एका स्त्रीचा ठरताच सासू, शेजारीण, बालवाडीची शिक्षिका, एवढेच काय पण उद्वाहकातून तीन मजले सोबत येणारा अपरिचित गृहस्थही त्यात आपले मत रुजू करू लागला.

वस्तुतः दाखलाच हवा असेल तर तो हाताशी आहे. सुश्रुतसंहितेत बालकांचे तीन वर्ग केले आहेत: एक वर्षापर्यंत क्षीरप, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद, म्हणजे दूध व अन्न दोन्ही घेणारे, आणि त्यापुढे अन्नाद. आमच्या अंगणापासून जवळच असलेल्या नयानगरातील एखाद्या मुस्लिम आजीस विचारावे, तर त्याही ‘दो साल’ असेच सांगतील. कारण कुराणाच्या दुसऱ्या सूरेत, दूध पाजण्याची मुदत पुरी करू इच्छिणाऱ्यांसाठी पूर्ण दोन वर्षे सांगितली आहेत, आणि त्याच आयतीत, आईबापांनी परस्परांच्या सल्ल्याने व राजीखुषीने त्याआधी दूध सोडविले तर त्यांस दोष नाही, असेही म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, आणि नंतर वरच्या अन्नाच्या जोडीने दोन वर्षांपर्यंत ‘किंवा त्याहून अधिक काळ’ दूध द्यावे, असे सांगते. तीन निरनिराळ्या दरबारांतून आलेला हा एकच आकडा पाहून मला मौज वाटते. तथापि त्यांतील शेवटचे चार शब्द लोक हटकून गाळतात, आणि दोन वर्षे ही शिफारस न राहता सरहद्द होऊन बसते.

मग हा संकोच आला कोठून? त्याचा काही भाग आयात मालाचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूझीलंडमधील डॉ. ट्रुबी किंग यांनी, चार-चार तासांच्या ठोक्यावर पाजावे, रात्री पाजू नये व मुलास फार कुरवाळू नये, असा जो पंथ काढला, तो इंग्रजी साम्राज्यात दूरवर पसरला. हे गृहस्थ मूळचे वेड्यांच्या इस्पितळाचे अधीक्षक, आणि तेथील शेतावर वासरे वाढविण्याच्या अनुभवाचा त्यांना मोठा अभिमान! त्यांच्यामागून दुधाच्या भुकटीचा डबा आला, आणि फळीवरचा डबा ही सुशिक्षित घराची खूण ठरली. १९८१ साली या भुकटीच्या विक्रीस आळा घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता ११८ विरुद्ध १ मतांनी संमत झाली, ते एकमेव विरोधी मत अमेरिकेचे होते. आणि आपल्याकडे १९९२ साली कायदा होऊन तान्ह्यांच्या दूध-भुकटीच्या जाहिराती बंद झाल्या. डबा कायद्याने आवरला. त्याने मनात सोडलेली प्रतिष्ठेची कल्पना आवरावयास मात्र कोणताच कायदा पुरत नाही.

परंतु याहून मोठा भाग, माझ्या मते, घराच्या रचनेचा आहे. ओटी, पडवी, माजघर असलेल्या घरात पाजणे उघडही नव्हते आणि झाकलेलेही नव्हते. ते नुसते चाललेले असे. दार लावून घेण्याच्या घरात ते दारामागचे कृत्य झाले, आणि जे दारामागे जाते त्यास लज्जा आपोआप चिकटते. तान्ह्याला सूट आहे, कारण ते कुशीत मावते. चालणारे, बोलणारे, स्वतःच्या तोंडाने मागणारे मूल मात्र सर्वांच्या डोळ्यांत भरते. २०१२ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने सुमारे चार वर्षांच्या, खुर्चीवर उभ्या राहून पिणाऱ्या मुलाचे त्याच्या आईसह चित्र मुखपृष्ठावर छापले आणि अमेरिकेत गहजब झाला; माझ्या आजीने ते पाहिले असते, तर ‘खुर्ची कशाला?’ एवढेच तिने विचारले असते.

याच महाराष्ट्राने रायगडाचा कडा रात्री उतरून बाळाकडे जाणाऱ्या हिरकणीला बुरुज दिला आहे. ती आख्यायिका सांगणारे बाळाच्या वयाची बहुधा चौकशी करीत नाहीत, भुकेचीच करतात. तिच्या नावाने एसटीच्या स्थानकांत व सरकारी कचेऱ्यांत हिरकणी कक्ष झाले. २०२२ च्या डिसेंबरात देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनास आल्या तेव्हा विधानभवनातही असा कक्ष झाला, आणि पुढे मुंबईच्या अधिवेशनात तेथील कक्षात धूळ असल्याची तक्रार त्यांनाच करावी लागली. लोकप्रतिनिधीच्या तान्ह्याची ही कथा. दोन वर्षांच्या मुलाचे बोट धरून त्या दारावर टकटक करण्याचे धैर्य सामान्य बाईस कोठून यावे?

आमच्या शहरातील आयांची खरी अडचण आणखी निराळी आहे, आणि ती लोहमार्गाची आहे. प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळू लागली. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोन सुट्ट्या देण्याची तरतूद मूळ १९६१ च्या कायद्यातच होती, आणि ५० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवे, असेही आता बंधन आहे. कागदावर हे उत्तमच. पण भाईंदरहून चर्चगेटला जाणाऱ्या बाईचे मूल चाळीसहून अधिक किलोमीटर मागे राहिलेले असते, आणि सकाळच्या गाडीच्या बायकांच्या डब्यात जेथे स्वतःचा हात खाली घेता येत नाही, तेथे कडेवर मूल घेऊन पाळणाघर गाठण्याचा सल्ला कोणी देऊ नये. परिणाम असा की दुसऱ्या वर्षातील सारे पाजणे रात्री होते. दिवसभर आजीच्या हातचा वरणभात मुकाट्याने खाणारे मूल, आठच्या सुमारास किल्लीचा आवाज होताच आईला चपला काढू देत नाही. त्याला तेव्हा भूक असते की आई हवी असते, याचा निवाडा मला करता येत नाही, आणि त्या मुलालाही येत नसावा.

या रात्रीच्या पाजण्याविषयी दंतवैद्य कुरकुर करतात, आणि ती निराधार नाही: दात आल्यावर रात्रभर तोंडात दूध राहिले तर कीड लागण्याचा संभव वाढतो, म्हणून दात पुसावेत. दुसरी गोष्ट लोहाची. आईच्या दुधात लोह थोडे असते. सहा महिन्यांनंतर जे मूल केवळ दुधावर राहते आणि नाचणी, डाळ, पालेभाजी, अंडे यांना तोंड लावीत नाही, ते पांढरे पडते. मात्र ‘वर्षानंतरच्या दुधात काही सत्त्व नसते, ते नुसते पाणी’ हे जे बाकावरचे सर्वात लोकप्रिय विधान, ते निखालस खोटे आहे. दुसऱ्या वर्षातही मुलाच्या उष्णांकाच्या गरजेपैकी सुमारे एक-तृतीयांश भाग आईच्या दुधातून मिळू शकतो, आणि रोगप्रतिकारक द्रव्ये त्यात शेवटपर्यंत असतात. आईचाही लाभ आहे: ३० देशांतील ४७ अभ्यासांचे एकत्रित परीक्षण २००२ साली प्रसिद्ध झाले, त्यात स्तनपानाच्या दर बारा महिन्यांमागे स्तनांच्या कर्करोगाचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो, असे आढळले.

आणि सोडवायचे ठरलेच, तर कसे? आमच्या आजीबाई कडुनिंबाचा रस किंवा कोरफडीचा गर लावीत. मूल तोंड वाकडे करी, रडे, दोन रात्री घर जागे, आणि तिसऱ्या दिवशी दूध सुटले असे जाहीर होई. वाग्भटाने अष्टांगहृदयात सांगितलेली रीत याच्या उलट आहे: दात आल्यावर क्रमाक्रमाने स्तनापासून दूर करावे, आणि चारोळी, ज्येष्ठमध, मध, लाह्या व खडीसाखर यांचा मोदक द्यावा. वैद्याने हाती गोड दिले आणि आम्ही तोंडी कडू लावले. अडीच वर्षांच्या माणसाशी बोलता येते. ‘आता फक्त झोपताना’, ‘आता फक्त रविवारी’ असा तह त्याच्याशी करता येतो, आणि तो मोडलाच तर पुन्हा करता येतो. माझ्या पाहण्यातील बहुतेक मुले एके दिवशी आपण होऊनच मागावयाची विसरली.

त्या रविवारी तो मुलगा शेवटी जिंकला. आईने ओढणी सावरली आणि त्याला मांडीवर घेतले. तेव्हा माझी बाकावरच्या समस्त भगिनीवर्गास, आणि आजीपणाच्या अधिकाराने त्यांत मोडणाऱ्या मला स्वतःलाही, एवढीच विनंती आहे की ‘अजून पाजतेस?’ हा प्रश्न आता दप्तरदाखल करावा. काही विचारावयाचेच असेल तर ‘जेवतो ना नीट?’ असे विचारावे, आणि बाकावर थोडे सरकून बसावे.