घरी साबण बनवताय? कॉस्टिक सोडा जपून हाताळा

"घरच्या साबणात केमिकल नसतं ना, डॉक्टर?" असे रुग्ण मला नेहमी विचारतात. कडुनिंब घाला, हळद घाला. तेलाचा साबण व्हायला कॉस्टिक सोडा लागतोच. वजन अचूक घेतले तर तो साबणात उरत नाही. जपायचे ते बनवताना.

कॉस्टिक जसा तेलाचा साबण करतो, तसाच त्वचेतल्या चरबीचाही करतो. म्हणून हातावर सांडल्यावर कधी कधी सुरुवातीला आगही होत नाही, नुसते बुळबुळीत लागते, आणि जखम मात्र खोल जात राहते. डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. लगेच डोळा उघडा धरून नळाच्या पाण्याने निदान 20 मिनिटे धुवा, मग थेट रुग्णालय गाठा. लिंबू, व्हिनेगर लावू नका.

सोडा पाण्यात थोडा थोडा घाला. सोड्यावर पाणी ओतलेत तर ते उसळून अंगावर येते. भांडे स्टीलचे घ्या, अ‍ॅल्युमिनियमचे नको. गॉगल आणि रबरी हातमोजे हवेतच. उरलेले द्रावण पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका. मुलाने घोट घेतला तर अन्ननलिका भाजते. तसे झालेच तर उलटी करवू नका, सोड्याचे पाकीट घेऊन तडक रुग्णालयात न्या.

मुलांना हौस असेल तर तयार सोप बेस वितळवून साच्यात ओतू द्या. त्यात कॉस्टिकला हात लावावा लागत नाही.